दाताच्या डॉक्टरांचा रशियन

"तोंड उघडा," आमच्या शेजारचे डॉक्टर म्हणायचे, "आणि कानही." पेशंटने आ केला की आरसा आत घालायचे आणि मान न वळवता हाक मारायचे, "सुमनताई, लावा." मग बाहेर त्यांच्या मदतनीस सुमनताई चावीच्या ग्रामोफोनवर तबकडी ठेवायच्या. आधी भजी तळताना होते तशी चरचर यायची आणि मागोमाग एक रशियन माणूस गळा काढायचा.

तुम्ही कधी कर्जतला दात दाखवायला आला असाल, तर त्याला ऐकलंच असेल. सुटका नव्हती. तोंडात कापूस आणि नळी असलेल्या माणसाइतका आज्ञाधारक श्रोता जगात दुसरा नाही, हे डॉक्टरांना पक्कं माहीत होतं. माझं चष्म्याचं दुकान दवाखान्याला खेटून, त्यामुळे मला तर दात न दुखताच ऐकावं लागायचं.

हा रशियन म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीचा ऑपेराचा गवई. अशा उंच आवाजाच्या गवयाला टेनर म्हणतात. डॉक्टर कॉलेजात असताना त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून ग्रामोफोन आणला, त्याच्याबरोबर आलेल्या खोक्याच्या तळाशी ही एकच धड तबकडी होती. लेबलवरची अक्षरं कोणाला वाचता येईनात. पुढे बरीच वर्षं पुस्तकं धुंडाळून, लोकांना विचारून त्यांनी त्याचं नाव आणि चरित्र शोधून काढलं, आणि ते पेशंटांना हप्त्याहप्त्याने ऐकवायला घेतलं.

रूट कॅनॉलवाल्याला अख्खं चरित्र मिळायचं. पहिल्या खेपेला खेड्यातल्या चर्चमध्ये गाणारा पोरगा, दुसऱ्या खेपेला नाटक कंपनीत मागच्या रांगेतला कोरस. तिसऱ्या खेपेला मुख्य गवई आजारी पडायचा आणि आमच्या रशियनाचं नशीब उघडायचं. शेवटी ध्वनिमुद्रण. "माइक नव्हते हो तेव्हा! पत्र्याच्या भोंग्यात तोंड घालून गायचं. वरचा सूर आला की मागून एकजण कोट धरून खेचायचा, नाहीतर सुई उडायची." हे सांगताना ते पेशंटचा जबडा धरून असे खेचायचे की मुद्दा जन्मभर लक्षात राहायचा. नुसता दात उपटायला आलेल्याची बोळवण मात्र चर्चमध्येच व्हायची.

तबकडीच्या शेवटाला तो वरचा सूर होता. तो जवळ आला की डॉक्टर ड्रिल थांबवून डोळे मिटायचे. पेशंट आ वासून पडलेला. "असा सूर माणसाला लागत नाही," ते म्हणायचे, "याला लागला."

शेलूचे एक शेतकरी काका एकदा खुर्चीतूनच ओरडले, "डाक्टर, माजा दात ठणकतोय ते समाजलं. ह्या बाबाचं काय ठणकतंय?" गावाला टिंगलीचा आधीच उल्हास, त्यात हा फाल्गुन मास! त्या दिवसापासून गावात रशियनाचं नाव 'बाबा' पडलं. मी म्हणायचो, "डॉक्टर, एखादं नाट्यगीत लावा की." ते म्हणायचे, "गाढवाला गुळाची चव काय," आणि मलाच चहा पाजायचे.

मग एकदा कळंबला फार्महाउस घेतलेले एक गृहस्थ सुजलेला गाल घेऊन आले. जुन्या तबकड्यांची गाणी साफसूफ करून पुन्हा मुद्रित करायची, हा त्यांचा मुंबईतला व्यवसाय. डॉक्टर हरखले. इतक्या वर्षांनी तोलामोलाचं सावज! मी चहासाठी तिथेच बसलो होतो. तबकडी संपली, गृहस्थांनी तोंडातला कापूस काढला आणि म्हणाले, "डॉक्टर, वेग चुकलाय."

"मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवर लावलीय," डॉक्टर म्हणाले. "बरोबर आहे."

"त्या काळी अठ्ठ्याहत्तर ठरलेलं नव्हतं हो. जो तो आपल्या मनाने फिरवायचा. ही बरीच हळू मुद्रित केलीय. तुमच्याकडे गाणं मूळ पट्टीच्या फार वर चढलंय."

त्यांनी मोबाइलवर मूळ पट्टीचा सूर लावून घेतला, ग्रामोफोनचा स्क्रू जरा जरा पिळला आणि पुन्हा सुई टेकवली. भोंग्यातून एक भारदस्त, जाड आवाजाचा माणूस गाऊ लागला. त्याला कसलीच घाई नव्हती. शेवटचा सूर आला, चांगला लागला, आणि गेला. कोणाही बऱ्या गवयाला लागला असता. "आता खरा ऐकलात," गृहस्थ प्रेमाने म्हणाले आणि गोळ्या घेऊन कळंबला गेले.

डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत बसले. "मग इतकी वर्षं मी ऐकला तो कोण हो?" त्यांनी मला विचारलं. "तो तर जन्मालाच आला नव्हता." मी म्हणालो, "असं काय करता? गाडी तीच, नुसता ब्रेक लागलाय." ते हसले नाहीत, आणि मला फार वाईट वाटलं.

माणूस सरळ. दुसऱ्या दिवशी त्यांनी खऱ्या वेगानेच तबकडी लावली. खुर्चीत एक म्हाताऱ्या आजी कवळीचं माप द्यायला बसल्या होत्या.

"डाक्टर, बाबा आज आजारी हाय का रं?"

"नाही आजी. आजवर मीच त्याला पळवत होतो."

"ह्यो आपला बाबा नाय," आजी म्हणाल्या. "ह्यो कोन दुसराच हाय."

डॉक्टरांनी ग्रामोफोनचं झाकण लावलं. त्यानंतर भिंतीतून नुसतं ड्रिल ऐकू यायचं. ज्या शांततेसाठी मी देवाला नवस बोललो होतो ती आता मिळाली होती, आणि मला ती सहन होईना. मी म्हणालो, "पूर्वीसारखी पळवा की. इथे कोणाला कळतंय?"

"मला कळतं ना."

"मग हळू लावा."

"तो कोणाचाच नाही हो," ते म्हणाले. "आजींनीसुद्धा ओळखला नाही." हेच त्यांना खात होतं. आपण आयुष्यभर लोकांच्या कानांत जो भरला तो एक भास होता, आणि खऱ्या माणसाला गावात ओळखणारं कोणी नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टर गेले. हृदयाने दगा दिला. दात सगळे शाबूत होते.

शोकसभेला हॉल भरला. 'पुन्हा दाखवायला येतो' म्हणून कायमचे पसार झालेले पेशंटच भाषणांत सगळ्यांत पुढे होते. भाषणं आटोपेनात, तेव्हा डॉक्टरांची मुलगी उठली आणि तिने सुमनताईंना ग्रामोफोन टेबलावर ठेवायला सांगितला. सुमनताईंनी हळूच विचारलं, "कशी लावू गं? पहिल्यासारखी?"

"नको. खरी लावा."

मी मनात म्हटलं, झालं. आता कोणीतरी विचारणार, हा कोण म्हणून. सुई टेकली. चरचर झाली, आणि तो जाड आवाजाचा माणूस सावकाश गाऊ लागला.

कोणी काही विचारलं नाही. शेलूचे काका पुढच्याच रांगेत होते. त्यांचा हात हळूहळू वर गेला आणि गालावर टेकला. मग त्यांच्या शेजारच्या बाईंचा. मग मागच्या रांगेत एकाचा, दुसऱ्याचा. आजींच्या तोंडात स्वतःचा एकही दात उरला नव्हता, त्यांनीही पदराआडून जबडा धरला. कोणाच्या ते लक्षातही नव्हतं. रशियन गात होता आणि अर्धं कर्जत गाल धरून ऐकत होतं.