पिवळ्या पक्षाचा एकमेव सभासद

रत्नागिरीच्या आमच्या क्लबात स्नूकरचं टेबल एक होतं आणि पक्ष तीन होते. टेबल कुणा गोऱ्या साहेबाचं. बदली झाली तेव्हा ते पडावातून, म्हणजे माल नेणाऱ्या लहान होडीतून, आगबोटीवर चढवणं हमालांना जमेना, म्हणून साहेबांनी ते क्लबाला अर्पण केल्याचं जाहीर केलं आणि वर भाषणही केलं. ते भाषण क्लबातल्या जुन्या मंडळींना अजून पाठ होतं. टेबलाची निगा कशी राखायची ते मात्र साहेब कुणाला सांगून गेले नव्हते.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. मी बंदरावरच्या कचेरीत कारकून होतो. क्लब वकिलांचा आणि अंमलदारांचा, आणि मी तांडेलाचा, म्हणजे शिडाचा मचवा हाकणाऱ्याचा मुलगा. पण आमच्या हेडसाहेबांना स्नूकरचा नाद होता आणि हरवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी मला आत घेतलं. वर्षभरात मी त्यांना हरवू लागलो आणि मग त्यांची बदली झाली. या दोन गोष्टींचा काही संबंध नव्हता, पण क्लबात तो लावला जाई.

खेळ तसा सोपा. लाल चेंडू जाळीत घालवला की एक रंगीत चेंडू मारायचा. रंगीतांची किंमत ठरलेली: पिवळ्याला दोन, हिरव्याला तीन, तपकिरीला चार, पुढे निळा, गुलाबी आणि सगळ्यांत वर काळा, त्याला सात. बाकीच्या जगात लोक काळ्याच्या मागे लागतात. आमच्याकडे पावसाळ्यात कौलं नेमकी टेबलाच्या वरच्या टोकावर गळत आणि तिथलं कापड पापडासारखं फुगून आलेलं होतं. काळा आणि गुलाबी त्या फुगवट्यावर बसत, आणि कसेही मारले तरी आपल्या मनाला येईल तिकडे जात. निळ्याला मधली जाळी लागे, आणि मधली जाळी आमच्यापैकी कुणालाच वश झाली नाही. तेव्हा राहता राहिले खालचे तीन. ते अलीकडच्या टोकाला एका ओळीत बसत, डावीकडे हिरवा, मध्ये तपकिरी, उजवीकडे पिवळा. आमच्या क्लबाचा सगळा प्रपंच या तिघांवर चाले.

तपकिरी पक्षाचे पुढारी एक निवृत्त सबजज्ज होते. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. तपकिरी मधोमध बसतो, दोन्ही बाजूंचं ऐकून घेतो, म्हणून सभ्य माणसाने तोच मारावा, असं त्यांचं मत. काठी रोखून ते इतका वेळ ओणवे राहत की समोरचा चहा पिऊन येई. हिरव्या पक्षात वकील झाडून सारे. त्याचं कारण सरळ होतं. जांभ्याची जमीन त्या बाजूला खचली होती, टेबलाचा डावा पाय खाली गेला होता, आणि हिरवा नुसता हलवला तरी पायरीवरून उतरावा तसा कोपऱ्यातल्या जाळीत जाई. वकील मंडळी याला हातोटी म्हणत. एकदा कुणीतरी त्या पायाखाली कौलाचा तुकडा सारून टेबल सपाट केलं. चार दिवसांत तुकडा नाहीसा झाला. चौकशी झाली, पण चौकशीवर वकीलच होते.

पिवळ्या पक्षात मी एकटा. पिवळ्याचे गुण दोन, आणि उतारही उलटा, म्हणजे चढण चढून जाऊन दोन गुण आणायचे. रावसाहेब म्हणायचे, ‘अहो, तरण्याताठ्या माणसानं दोनावर समाधान मानू नये.’ मी म्हणायचो, ‘थेंबे थेंबे तळे साचे, रावसाहेब.’ यावरून क्लबाने ठरवून टाकलं की मला महत्त्वाकांक्षा नाही. चेंडूवरून माणूस ओळखायची तिथे रीतच होती. देवरूखचा एक तरुण वकील पहिल्याच संध्याकाळी गुलाबी मारायला गेला, तर त्याच्याविषयी सगळे वर्षभर सावध राहिले. एकाच्या मुलीसाठी आलेल्या स्थळाची चौकशी चालली होती, तेव्हा ‘मुलगा हिरवा मारतो’ एवढं सांगितल्यावर पुढे कुणी काही विचारलं नाही.

मला या निकालाचा संताप येई, कारण महत्त्वाकांक्षेनं माझी झोप उडवली होती. बंदरखात्याची नवी मोटरलाँच येणार होती आणि तिच्यावर सारंग, म्हणजे ती हाकणारा, नेमायचा होता. मी अर्ज केला होता. मला ती लाँच हवी होती, दुसरं काहीच नको होतं. लहानपणी मी बाबांच्या मचव्यावर वाढलो. मग शाळा झाली, मॅट्रिक झालो आणि त्याचं बक्षीस म्हणून खुर्चीत बसलो. दिवसभर बारदानाचे आकडे लिहायचे आणि खिडकीतून दुसऱ्यांची शिडं बघायची. आगबोटी आणि लॉऱ्यांनी मालाची वाहतूक खाल्ली, तेव्हा बाबांचा मचवाही विकला गेला होता. ते ओसरीवर बसून वाऱ्याची दिशा सांगत, कुणी विचारलं नसताना. घरात कुणीतरी पुन्हा सुकाणू धरावं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण लाँच कुठवर आली हे ते रोज विचारत.

परीक्षा मुंबईला होती. तिथे जाण्याआधी तब्येतीचा आणि नजरेचा दाखला आमच्या गावातल्या डॉक्टरांकडून घ्यायचा होता. हे डॉक्टर क्लबातले, हिरव्या पक्षातले वकील नसलेले एकमेव सभासद. ते म्हणाले, ‘तुला काय तपासायचं? रविवारी ये, सही ठोकतो.’

त्याच आठवड्यात क्लबाची दिवाळीची स्पर्धा होती आणि शेवटचा डाव माझ्यात आणि डॉक्टरांच्यात आला. लाल सगळे संपले. त्यानंतर रंगीत चेंडू किमतीच्या क्रमानेच घालवायचे असतात. पिवळा मी घालवला, त्यावर रावसाहेबांनी ‘अपेक्षित’ असा शेरा मारला. आता हिरव्याची पाळी. माझा नेम चुकला आणि काठी डॉक्टरांकडे गेली. मला तहान लागली होती, म्हणून मी पडवीत पाणी प्यायला गेलो. तेवढ्यात डॉक्टरांच्या फटक्याने हिरवा आणि तपकिरी दोघेही जागचे उठले आणि टेबलभर फिरून भलतीकडे जाऊन थांबले.

हिरवा, तपकिरी आणि लाल हे मला एका घरातल्या भावंडांसारखे दिसत. कोण कुठे बसलाय यावरून मी त्यांना ओळखायचो, हलला तर कुठे गेला ते लक्षात ठेवायचो. सगळेच असं करतात अशी माझी समजूत होती. पिवळा तेवढा लांबूनही पिवळा दिसे. मी परत आलो, ज्याला हिरवा समजलो त्याच्यावर काठी रोखली, आणि आयुष्यात मारला नव्हता इतका सुरेख फटका मारला. चेंडू थेट जाळीत. मी मान वर केली, तर टाळी कुणीच वाजवली नाही.

‘तपकिरी गेला. फौल,’ गुण मांडणारा म्हातारा मार्कर म्हणाला.

मग हशा पिकला. रावसाहेबांनी निकाल दिला की पिवळ्या पक्षाची माणसं वरून संतोषी, पण आतून लोभी असतात, आणि तीनाच्या जागी चार दिसले की त्यांचा पाय घसरतो. पुढे डाव डॉक्टरांनीच जिंकला, पण ते हसत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, आणि मला त्यांचा राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला क्लबात बोलावलं. खिडक्या सताड उघड्या, ऊन टेबलावर आलेलं, आणि टेबलावर चेंडूंचा नुसता ढीग.

‘यातला तपकिरी दे,’ डॉक्टर म्हणाले.

मी दिला.

‘हा लाल आहे. बरं, हिरवा दे.’

मी जरा जास्त वेळ घेऊन दिला. त्यांनी तो परत ढिगात ठेवला. ‘हा तपकिरी,’ ते म्हणाले.

‘डॉक्टर, काल झाली तेवढी थट्टा पुरे झाली,’ मी म्हटलं. ते म्हणाले, थट्टा नाही. काही माणसांना जन्मापासून हे रंग वेगळे दिसत नाहीत आणि त्यांना ते कळतही नाही, कारण दुसऱ्याचे डोळे लावून बघायची सोय नाही. मग त्यांनी विचारलं, आगबोटीच्या डाव्या अंगाला कुठला दिवा असतो? मी म्हटलं, लाल, आणि उजव्याला हिरवा, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. ‘आणि काळोखात समोरून एकच दिवा दिसला तर?’ त्यांनी विचारलं. त्या एका दिव्याच्या रंगावरूनच ठरतं की बोट कुठल्या अंगाने चाललीय आणि आपण सुकाणू कुठे फिरवायचं.

‘मी सही करणार नाही,’ ते म्हणाले. ‘केली तरी मुंबईला दिवे दाखवतात, तिथे तू पडशील. आणि नाही पडलास तर त्याहून वाईट.’

मी त्यांना नाही नाही ते बोललो. एका तपकिरी चेंडूपायी तुम्ही माझा जन्म फुकट घालवताय, असंही बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, ‘आईचे वडील आहेत का रे? हे बहुधा त्यांच्याकडून येतं. आई सुटते, नातवाला लागतं.’

आईचे वडील नव्हते. ते बुरोंडीचे, तेही तांडेल. आमच्या घरात त्यांचं नाव निघत नसे, फक्त भांडणात निघे. आई लहान असताना त्यांचा मचवा रात्री आगबोटीखाली गेला. दोन खलाशी वाचले. त्यांनी गावात सांगितलं की आगबोट चांगली बाजूने जात होती, आम्ही ओरडत होतो, पण तांडेलाने सुकाणू फिरवून मचवा स्वतःच्या हाताने तिच्या पुढ्यात घातला. शुद्धीतला माणूस असं करील का? तेव्हा माडी प्यायला होता, असं ठरलं. आई त्या गावात दारुड्याची पोर म्हणून वाढली, आणि लग्नानंतरही बाबांचं डोकं फिरलं की ते तिला दारुड्याची लेक म्हणत.

मी डॉक्टरांना एवढंच सांगितलं, ‘ते बुडाले.’ आणि कसे बुडाले ते सांगू लागलो. सांगता सांगता मीच थांबलो. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

घरी आलो तेव्हा आई मागल्या दारी बांगडे साफ करत होती आणि बाबा तिथेच बसले होते. लाँच गेली, हे मी आधी बाबांना सांगितलं. का गेली तेही सांगितलं.

‘चेंडू दिसत नाय म्हणून लाँच नाय?’ बाबा म्हणाले. ‘लाँच काय काठीनं मारायची हाय?’

मग मी दिव्यांचं सांगितलं. त्यांनी आयुष्यभर ते दिवे बघून मचवा हाकला होता, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ते खाली बघू लागले. मग मी आईला म्हटलं, ‘आये, डॉक्टर म्हणतात हे माझ्याकडे तुझ्या वडलांकडून आलंय.’

आईचा हात थांबला. ‘काय बोल्लास? परत सांग.’

मी परत सांगितलं. तिने विचारलं, ‘म्हंजे दिवा खंचा, ता त्यांना कळला नाय?’

‘कळणारच नव्हता. कुणीही ओरडलं असतं तरी.’

‘मग माडी?’

‘माडीचा काय संबंध, आये?’

ती उठली. हाताला खवले तसेच. बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली. ‘माजा बापूस प्यालेला नव्हता,’ ती म्हणाली. ‘आता परत म्हणून दाखवा.’

‘नाय म्हणणार,’ बाबा म्हणाले.

तेव्हा ती खाली बसली आणि रडू लागली. मी तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. गळा काढून, ऊर बडवून, वडलांना हाका मारत, घरात प्रेत असावं तशी ती रडली. मला लाँचचं दुःख होतं, पण त्या वेळी ते करायला जागाच उरली नाही. शेजारच्या बायका धावत आल्या, पुरुष कुंपणाशी जमले. बाबा उठून दारात गेले. कुणीतरी विचारलं, काय झालं, कोण गेलं?

‘सासरे गेले आमचे,’ बाबा म्हणाले. ‘बोटीखाली. शुद्धीत होते.’