पाळीची हजेरी

कुणी विचारले नव्हते, कुणी धमकावलेही नव्हते. मग १९९६च्या त्या दुपारी पंकजाक्षी खोटे का बोलली? या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत टिपणाच्या लेखकाला सापडलेले नाही. पंकजाक्षीलाही ते सापडले नव्हते.

केरळातल्या कोल्लमजवळच्या त्या काजू कारखान्यात ती १९८९पासून बिया फोडत होती. हाताला राख चोळायची, भाजलेली बी दगडावर धरायची, लाकडी ठोकणीने बेताचा घाव घालायचा. राख कितीही चोळली तरी टरफलाचे तेल तळव्यांत मुरतेच. फोडणाऱ्या बायकांचे हात आयुष्यभर काळे राहतात. तिच्या उजव्या अंगाला ओमना बसे. दोघी रोज कामावर, पण हजेरीपत्रकात एका वेळी एकच. मालक नावे पाळीपाळीने चढवी: सम वर्षी पंकजाक्षीची रांग, विषम वर्षी ओमनाची. त्यामुळे विमा आणि भविष्य निर्वाह निधी त्याला निम्म्याच बायकांचा भरावा लागे. बायकांनाही त्यात अन्याय वाटत नसे. ‘यंदा तुझी पाळी, पुढच्या साली माझी,’ असे त्या नळावरच्या नंबरासारखे म्हणत.

१९९६मध्ये ओमना बाळंत झाली आणि तिने विम्याचा प्रसूतिलाभ मागितला. चौकशीला निरीक्षक आले. ओमना तान्ह्या पोरीला घेऊन दारात उभी होती. काळ्या हातांची लाज वाटून तिने ते पंचाखाली दडवले होते. निरीक्षकांनी तिला काही विचारण्याआधीच पंकजाक्षी बोलून गेली, “ही होय? हिची आई इथं कामाला आहे, तिच्यासाठी पेज घेऊन येते. कामाला नसते.” निरीक्षकांनी तेवढे लिहून घेतले. ओमनाला लाभ नाकारला गेला.

२००८मध्ये पंकजाक्षीला अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली. निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची नोंद लागते. तिची भरली नऊ. युनियनचा चिटणीस शिवदासन तिला मोठ्या बहिणीसारखे ‘चेची’ म्हणे. तो म्हणाला, “चेची, मालकानं नाव चढवलं नाही म्हणून काम केलंच नाही असं होत नाही. निधीच्या कार्यालयात तक्रार करू. बोनसच्या चिठ्ठ्या, विम्याचं कार्ड, जे असेल ते काढ. आणि शेजारी बसणारीचा जबाब हवा. ते मालकाला सुनावणीला बोलावतील.”

“शेजारी ओमना होती.”

“मग सोपंच की!”

ओमनाच्या अंगणात शिरताना पंकजाक्षीने दोनदा पाऊल मागे घेतले. ओमना कपडे वाळत घालत होती.

“कोण, पंकजाक्षी चेची? आज पेज कुणासाठी आणलीस?”

पंकजाक्षीची मान खाली गेली. “सही मागायला आलेय, ओमने.”

“माझी? मी पेजवाली बाई. पेजवालीची सही सरकारात चालते होय?” ओमनाने हातातला कपडा पिळला. “पोरगी आता बारा वर्षांची झाली. तिला पाजायला अंगावर दूध नव्हतं, आणि बाविसाव्या दिवशी मी ठोकणी हातात घेतली. तू शेजारीच होतीस ना? पाहिलंस की नाही?”

“पाहिलं.”

यापुढे सही मागण्याचा धीर पंकजाक्षीला झाला नाही. ती तशीच परत निघाली आणि सरळ शिवदासनकडे गेली. म्हणाली, तक्रारीत सगळ्यात आधी हे लिही: मी खोटं बोलले. ओमना माझ्या शेजारी बसून बिया फोडत होती, आणि तिचीही वर्षं गाळलेली आहेत.

“वेडी आहेस का? मालकाचा वकील म्हणेल, तेव्हा खोटं बोललीस, तर आज खरं कशावरून?”

“म्हणू दे. माझी नोंद नवावरच अडली तरी चालेल.”

तो कागद शिवदासननेच ओमनाला वाचून दाखवला. तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला आणि मग आपला जबाब दिला. सुनावणीच्या दिवशी वकिलाने नेमका तोच प्रश्न विचारला. तेव्हा ओमनाने आपले दोन्ही तळवे मेजावर उताणे ठेवले. “पेज वाहून हात असे होतात का, साहेब?”

बाहेर आल्यावर पंकजाक्षीने तिचा हात धरायला हात पुढे केला. ओमनाने तो धरू दिला नाही. “जबाब दिला म्हणून विसरले असं समजू नकोस, चेची. बसची वेळ झाली, चल.”

एप्रिल २०११मध्ये दोघींचीही गाळलेली वर्षे नोंदीत चढली. १९९६चा प्रसूतिलाभ ओमनाला मिळाला नाही. त्या दाव्याची मुदत केव्हाच संपली होती.