करेक्शन, आप्पा

माझ्या वडिलांनी चोराला ओटीपी दोनदा वाचून दाखवला.
एकेक आकडा सुटा करून, स्पष्ट आवाजात.

कारण फौजेत त्यांना तसंच शिकवलं होतं.

आज आप्पांना जाऊन एक वर्ष झालं. हे तेव्हाच लिहायला हवं होतं. लाज वाटत होती म्हणून लिहिलं नाही. लाज कुणाची, ते हल्ली कळायला लागलंय.

आप्पा फौजेत सिग्नलला होते, वायरलेसवर. रिटायर होऊन रहिमतपूरला आले, पण वायरलेस काही डोक्यातून गेला नाही. कुणी निरोप सांगितला की आधी तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचे. समोरच्याचं बोलणं संपल्याशिवाय फोन ठेवायचे नाहीत. आणि वायरलेसवर चुकीचा शब्द गेला की ‘करेक्शन’ म्हणून बरोबर शब्द पुन्हा पाठवतात, ते तर आमच्याकडे रोज जेवताना चालायचं.

“आमटीत मीठ कमी हाय. करेक्शन. मीठ न्हाईच.”

आई वैतागायची. मी हसायचे.

त्या दुपारी ते कंप्युटरवर पलटणीचे जुने फोटो बघत बसले होते. कशावर तरी क्लिक झालं आणि स्क्रीन अडकली. सायरन वाजायला लागला. लाल अक्षरांत ‘व्हायरस’, खाली एका मोठ्या कंपनीचं नाव आणि मदतीचा नंबर.

आप्पांनी नंबर लावला.

पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, फार अदबीनं. आप्पा फौजी आहेत म्हटल्यावर तर ‘साब, साब’ सुरू झालं. त्यानं एक ॲप टाकायला लावलं, त्यातून त्याला इकडची स्क्रीन दिसायला लागली. मग म्हणाला, तुमचं बँक खातंही धोक्यात आहे, मोबाइलवर नंबर येईल तो सांगा. आणि काहीही झालं तरी लाइन कापू नका.

हे सिग्नलच्या माणसाला सांगायचं!

आईनं मध्येच विचारलं, “आवं, कुणाशी बोलताय एवढं?”
आप्पांनी हातानंच तिला गप्प केलं.

मी सांगलीत बँकेत नोकरी करते. आप्पांचा मला फोन आला तोवर खातं साफ झालं होतं.

ग्राहकांसाठी जे करते ते सगळं केलं. त्यांना इंटरनेटची वायर उपसायला लावली. इकडून खातं आणि कार्ड बंद करून घेतलं, लगेच सायबर हेल्पलाइनला तक्रार केली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून साताऱ्याला पोलिसांत लेखी दिलं, पासवर्ड बदलले, कंप्युटर फॉरमॅट करून घेतला. तक्रार वेळेत गेली म्हणून बरेचसे पैसे वाटेतच अडकले आणि नंतर परत मिळाले.

सगळं बरोबर केलं मी. फक्त त्या फोनवर जे बोलले, ते सोडून.

“बँकेतल्या मुलीचे वडील ना तुम्ही? एवढंही कळत नाही? आणि आता हे कुणाला सांगू नका. ब्रँचमध्ये कळलं तर मी काय तोंड दाखवू?”

आप्पांनी सवयीनं माझा निरोप मलाच परत म्हणून दाखवला.

“कुणाला सांगायचं न्हाई. व्हय.”

महिनाभरात गुरुजी फसले. शेजारच्या गल्लीतले, आप्पांचे सकाळच्या फिरण्यातले सोबती. तोच सायरन, तीच लाल अक्षरं. गुरुजींनी बाकावर बसून सगळ्यांना मोकळेपणानं सांगितलं. आप्पा शेजारीच बसले होते, माझी ऑर्डर पाळत.

संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“दोन शब्द बोललो असतो तर गुरुजी वाचलं असतं गं.”

मी म्हणाले, यात तुमचा काय दोष?
माझा आहे, असं काही म्हणाले नाही.

पुढच्या पेन्शनरांच्या बैठकीत आप्पा उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. ओटीपी दोनदा वाचला हेसुद्धा. कुणीतरी हसलं म्हणे. आप्पांनी हसू दिलं. मग म्हणाले, “स्क्रीनवर आलेल्या नंबरला फोन लावायचा न्हाई. सायरन वाजला की वायर काढायची. आन् लाइन कापू नका म्हणला, की तवाच कापायची.”

बैठक संपल्यावर दोघंतिघं त्यांना बाजूला घेऊन गेले. त्यांच्याही बाबतीत हेच झालं होतं. घरी कुणाला पत्ता नव्हता.

मला हे आईकडून कळलं, आणि मला राग आला. खरंच सांगते, रागच आला. मी फोन करणं कमी केलं.

एका रविवारी त्यांनीच केला.

“मी बोललो ते तुला आवडलं न्हाई ना?”

“जाऊ दे आता, आप्पा.”

ते काही बोलले नाहीत.
फोनही ठेवला नाही.

मला वाटलं रेंज गेली. मी कट केला.

त्याच आठवड्यात, सकाळी फिरून आल्यावर, आप्पा गेले. हार्ट अटॅक.

रेंज गेली नव्हती. चुकीचा शब्द माझ्याकडून गेला होता, आणि ते करेक्शनची वाट बघत होते.

हल्ली ब्रँचमध्ये असं फसलेलं कुणी येतं. मान खाली घातलेली असते आणि सोबत आलेला मुलगा किंवा मुलगी तावातावानं बोलत असते. मी आधी त्यांना थांबवते. मग म्हणते, माझे वडील पण फसले होते, फौजेत सिग्नलला होते ते. मग ती माणसं माझ्याकडे बघतात आणि नीट सांगायला लागतात.

करेक्शन, आप्पा.
चूक तुमची नव्हती. सगळ्यांना सांगा.

पुन्हा सांगते, तुमच्यासारखं, स्पष्ट.
चूक तुमची नव्हती. सगळ्यांना सांगा.

तुमच्या लेकीची श्रद्धांजली.
या वेळी फोन आधी तुम्ही ठेवा.