मायनर म्हणणाऱ्या सिस्टर

माझं शुद्धलेखन चौथीपर्यंतचंच आहे आणि आज दवाखान्याच्या खाटेवर पडून लिहितेय म्हणून अक्षरही वाकडं येतंय. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

बारामतीच्या दवाखान्यातल्या या सिस्टरांचं नाव मला माहीत नाही. माझ्या निरवांगी गावाहून तपासून घ्यायला आले की त्याच भेटतात. सुई असो की टाके, त्या हसून म्हणतात, "मायनर हाय, ताई." लहानपणी चर्चमध्ये त्या थोडं लॅटिन शिकल्या. एकदा त्यांनीच सांगितलं, "लॅटिन शब्द हाय ह्यो. बाईला, बाप्याला मायनर, वस्तूला मायनस. स्पेनमधी त्याचं मेनोर झालं. तुमच्या उसाला पाणी देणारा कालव्याचा मायनर बी त्योच. अर्थ एवढाच, दुसऱ्यापेक्षा लहान."

कशापेक्षा लहान, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

आज माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. आत नेण्याआधी बांगड्या काढाव्या लागतात. माझ्या निघेनात. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "फोडा की, उशीर व्हतोय."

"सवाष्णीच्या बांगड्या मी फोडत न्हाय," सिस्टर म्हणाल्या. साबण लावून त्यांनी एकेक बांगडी उतरवली, एकही पिचू दिली नाही. आज त्या हसत नव्हत्या.

मी विचारलं, "मायनर हाय ना, सिस्टर?"

बांगड्या रुमालात बांधून त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवल्या.

"ह्या माझ्यापाशी हायेत," त्या म्हणाल्या. "मागायला या."