खानसाम्याला पाठ असलेला मुलूख

बदरुद्दीन मूळचा बाणकोट खाडीकाठचा, आखातातल्या अहमदी या तेलाच्या गावात गिद्री साहेबाच्या बंगल्यावर खानसामा. साहेब तेलाच्या विहिरी खणणारा, अमेरिकेतल्या लुईझियानाचा. आपल्या मुलखाचं त्याला कोण कौतुक! खानसाम्याला त्यानं तो पोपटासारखा पढवला होता. पार्टीला पाहुणे जमले की साहेब विचारी आणि बदरुद्दीन हात बांधून सांगे: राजधानी बॅटन रूज. नाव फ्रान्सच्या लुई राजाचं. नेपोलियननं अठराशे तीन साली अमेरिकेला विकला. झेंड्यावर पेलिकन पक्षी. दक्षिणेला नुसती खाऱ्या दलदलीची खाजणं, मग समुद्र. टाळ्या पडत. मात्र विचारल्याखेरीज टेबलाशी तोंड उघडायचं नाही, हा बंगल्याचा कायदा. बदरुद्दीननं तो पाच वर्षं पाळला, आणि त्याचा त्याला अभिमान होता. जळो तो अभिमान!

एकोणीसशे सत्तावन्न सालचा जून. तिकडच्या समुद्रात वादळ उठल्याचं रेडिओनं सांगितलं होतं. साहेबाची म्हातारी आई अगदी किनाऱ्याला, बैठ्या घरात एकटी. संध्याकाळी तिची तार आली. जेवताना साहेबानं ती मित्राला हसत हसत वाचून दाखवली: "काळजी नको. उद्या सकाळी निघते. खाजणातले झिंगे रस्त्यावर आलेत. बादलीभर वेचले."

बदरुद्दीनच्या हातातली पळी थांबली. तो दहा वर्षांचा असताना खाडीतल्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, अशाच त्यांच्या पायरीवर चढल्या होत्या. पोरं धरायला धावली. बापानं पेटती चूल तशीच सोडून सगळ्यांना टेकडीवरच्या मशिदीत नेलं. शेजारी म्हणाले, सकाळी बघू. सकाळी शेजाऱ्यांचं घरच नव्हतं.

आत्ताच्या आत्ता आईसाहेबांना तार करा, साहेब, म्हणावं सकाळची वाट बघू नका. एवढंच सांगायचं होतं. शब्द ओठांवर आले, तोच साहेब मित्राला म्हणाला, "याला विचार, आमची राजधानी कोणती?"

"बॅटन रूज, साहेब," बदरुद्दीन म्हणाला आणि रस्सा वाढू लागला.

दुसऱ्या दिवशी तार आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती परक्या माणसाची. ती निघणार त्याच दिवशी पहाटे समुद्र गावात शिरला होता, म्हातारी सापडली नव्हती. साहेबानं सामान बांधलं. जाताना डोळे पुसत खानसाम्याच्या हातात शिफारसपत्र ठेवलं.

नव्या साहेबानं ते मोठ्यानं वाचलं: "प्रामाणिक. शिस्तीचा. विचारल्याशिवाय कधी बोलत नाही."

"फाडून टाका ते, साहेब," बदरुद्दीन म्हणाला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.