जाळ्यातली हरणी हसते तेव्हा

मंडळी, आज दुपारी राजुऱ्यात शाळेच्या बॅलेची तालीम घेत होते. आठवीतली प्रणाली जाळ्यात अडकलेली हरणी झाली होती. मी म्हणाले, "चेहरा हसरा ठेव."

ती थांबली. "मॅडम, हरणी त फसली. मंग हसू काऊन?"

ऐंशीच्या दशकात माझ्या नाचाच्या बाईंनी मला हेच शिकवलं होतं. तेव्हा घरी माझं लग्न ठरलं होतं आणि मला ते नको होतं. तरी मी हसत नाचले. पुढे मांडवातही हसले.

"बरं, नको हसू," मी म्हणाले.

"मंग कसं करू? तुमी करून दाखवा."

मी जाळ्याखाली बसले. मुली बघत राहिल्या.

प्रणाली हळूच म्हणाली, "मॅडम, तुमी त हसूनच राह्यल्या."

तुमच्यापैकी कुणाला ही सवय मोडता आली का?