पडवीतला माग

गेल्या रविवारी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना घेऊन शिरूरला जनावरांच्या प्रदर्शनाला गेलो होतो. तिथे लोकर आणि घोंगडीचंही दालन होतं, म्हणून मुद्दाम त्यांना नेलं. तिथला व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय... त्याबद्दलच लिहायचंय.

आप्पांनी उभं आयुष्य वरवंडला घोंगड्या विणल्या. पडवीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि पुढ्यात माग. दोन वर्षं झाली, ते सगळं बंद आहे. त्यांचं बोलणंही जवळजवळ बंदच... म्हटलं, तिथे जरा रमतील.

मेंढ्यांच्या मांडवात शिरलो. कानाला बिल्ले, गळ्यात हार, आणि सगळ्या मटणाच्या जातीच्या. आप्पांनी सवयीने एकीच्या पाठीवर हात घातला, तर बोटांना नुसते आखूड केस लागले.

"काळी देशी न्हाई का आणली?" त्यांनी मेंढपाळाला विचारलं.

"कशाला आप्पा? लोकर कोण घेतंय आता? घरच्या काळ्यांची कातरतो आन् देतो बांधावर टाकून."

आप्पांचा मेंढीच्या पाठीवरचा हात बराच वेळ तसाच होता.

घोंगडीच्या दालनात लोखंडी पायांवर एक माग उभा केला होता. पुण्याहून आलेल्या एक मॅडम विणून दाखवत होत्या. आप्पांनी ताणलेल्या धाग्यांवरून बोट फिरवलं आणि पुटपुटले, "खळ कच्ची ऱ्हायलीय." चिंचोक्याची खळ नीट शिजली नाही की धागा दम धरत नाही... आणि दुसऱ्याच मिनिटाला धागा तुटला.

मॅडम हसल्या आणि त्यांनी उठून जागा दिली. आप्पा बसले खरे, पण खाली खड्डा नाही, त्यामुळे पाय कुठे सोडावेत तेच त्यांना कळेना. ते पाय क्षणभर नुसते लोंबकळत राहिले... मला बघवेना. मग पायाखालच्या पट्ट्या सापडल्या. तुटलेली टोकं जिभेवर ओली करून त्यांनी न बघताच गाठ मारली, आणि आडवा धागा ओढत धोटा इकडून तिकडे पळायला लागला.

लोक गोळा झाले. मी मोबाईल काढला. दोन वर्षांत पहिल्यांदा आप्पांची पाठ ताठ दिसत होती.

चार बोटं विणून झाल्यावर मॅडमनी विचारलं, "बाबा, तुमचा माग कुठे आहे? आम्ही असे जुने खड्ड्याचे माग शोधतोय. तुमच्याकडेच शिकायला येऊ."

मी मोबाईल जरा वर धरून चेहरा त्यामागे घेतला...

कारण तो माग मी मोडलाय. गाडी घेतली होती, उभी करायला जागा हवी होती. आप्पा चार दिवस निमोण्याला आत्याकडे गेले होते, तेवढ्यात मुरूम टाकून खड्डा बुजवला आणि वर पेव्हर ब्लॉक बसवले. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलंच नाही. वर सगळ्यांना सांगत होतो, आप्पांना सरप्राइज!

परत आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "धोटा तरी ठिवला का?" बाकीच्या लाकडांबरोबर तोही पाणी तापवायच्या बंबात गेला होता. माझ्या आजोबांच्या हातचा होता तो...

तर मॅडमच्या प्रश्नावर आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्याच बुजवला बाई. गुडघं चालंनात."

मॅडम हळहळल्या, मग जरा चिडल्याच. "अहो, असं कसं केलंत? तुम्हीच असं केलं तर आम्ही कुणाकडे बघायचं?" आजूबाजूचे लोकही माना हलवायला लागले. आप्पा खाली बघत ऐकत होते. "चुकलं बाई," म्हणाले. माझ्या वाट्याचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि मी... मी व्हिडिओ काढत होतो.

कोरेगाव भीमाजवळच्या कंपनीत मी वीस माणसांवर आवाज चढवतो. त्या दालनात मात्र एक शब्द फुटला नाही तोंडातून.

येताना न्हावरा गाव मागे गेल्यावर कसाबसा म्हणालो, "आप्पा, पुन्हा खणून घेऊ. नवा माग करून घेऊ." ते काचेबाहेर बघत म्हणाले, "लोकर बांधावर चाललीय. कशाला खणतूस? गाडी उन्हात ऱ्हाईल तुझी." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

घरी पोचल्यावर आप्पा फाटकातच उतरले. पडवीच्या कडेला चपला काढल्या, हातात घेतल्या आणि ब्लॉकवरून अनवाणी आत गेले. दोन वर्षं ते असंच करतात. मला वाटायचं, ब्लॉक मळू नयेत म्हणून करत असतील... मागाजवळ चपला घालून जायचं नाही, हा आमच्या घरातला नियम मला त्या दिवशी आठवला.

मग मी गाडी आत घेतली आणि त्याच जागेवर लावली. दुसरी जागा आहेच कुठे?

एवढं होऊनही निर्लज्जासारखा त्याच संध्याकाळी व्हिडिओ टाकला. खाली एकाने लिहिलंय, 'बाबांनी माग बुजवायला नको होता.' त्यावर कितीतरी जणांचे अंगठे आहेत. गेले काही दिवस तेच वाचतोय. आप्पांकडे साधा फोन आहे, त्यांना यातलं काही कळणार नाही.

म्हणून तुम्हाला सांगतोय... माग आप्पांनी नाही बुजवला. मी बुजवला. हे मला तिथे, त्यांच्या शेजारी उभं राहून म्हणायचं होतं. आत्ताही ते बाहेर पडवीत बसलेत, आणि मी आत बसून तुम्हाला लिहितोय.